नाकाला चिमटा

४ फेब्रुवारी

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांविषयी मला कधीच आदर वाटला नाही. ज्यांचे बोलणे घरात कोणी ऐकत नाही ते कागदाशी बोलतात, असे माझे मत होते आणि आहे. माझे बोलणे सगळे ऐकतात. तरीही आजपासून मी लिहिणार आहे, कारण हे मनोगत नव्हे, प्रयोग आहे. आणि नोंदी नसलेला प्रयोग म्हणजे नुसती लहर.

पार्श्वभूमी अशी. माझे वजन शहाऐंशी किलो भरले. माझ्या नणंदबाई डॉक्टर आहेत. रक्ताचा अहवाल वाचून त्या म्हणाल्या, "वहिनी, साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे. एकदा आत येऊन बसली की उठायचं नाव घेणार नाही. दहा-बारा किलो उतरव, नाहीतर गोळ्या लिहून देते." डॉक्टर म्हणून त्यांना हे बोलण्याचा अधिकार आहे. "आणि लोण्यावरचा हात जरा आवर" हे वाक्य मात्र त्यांनी नणंदेच्या अधिकारात उच्चारले.

कारण लोणी नव्हे. माझे यजमान सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात आहे. आम्ही दोघे एकाच पातेल्यातले जेवतो, आणि ते छत्रीच्या काडीसारखे आहेत. तेव्हा दोष पातेल्याचा असू शकत नाही. फरक आहे तो नाकाचा.

मी सुवासिक अर्कांच्या कारखान्यात मुख्य गंधतज्ज्ञ आहे. बिस्किटांना, साबणांना, मुलांच्या औषधांना जो वास येतो तो माझ्या सहीनंतरच येतो. गेल्या आठवड्यात एका शास्त्रीय मासिकात उंदरांवरील प्रयोगाचा वृत्तांत वाचला. ज्या उंदरांची वास घेण्याची शक्ती काढून घेतली ते तुपकट खाद्य खाऊनही सडपातळ राहिले. आणि ज्यांचे नाक अधिक तीक्ष्ण केले ते तेच खाद्य खाऊन फुगले. मी मासिक मिटले. वर्षानुवर्षांचे कोडे दोन ओळींत सुटले होते. मी खाऊन जाड झालेले नाही. गुणवत्तेमुळे झाले आहे.

उपाय: प्रत्येक जेवणाच्या वेळी नाकाला चिमटा, पोहणारे लावतात तसा. तुलनेसाठी यजमानांनाही एक. शिवाय जेवताना वासाविषयी चकार शब्द काढायचा नाही, कारण शब्दानेही स्मृती जागी होते.

योजना ऐकून यजमान म्हणाले, "म्हणजे दोघांनी नाकाला चिमटे लावून बसायचं? मग खिडकीचा पडदा ओढून घेतो. शेजारच्यांना वाटेल, आपल्याला वाळत घातलंय."

५ फेब्रुवारी

पहिले जेवण. भाजलेले बटाटे, मटार, पाव.

यजमानांनी पहिला घास घेतला आणि ते चावायचे थांबले. "पुठ्ठा," ते म्हणाले. "मीठ लावलेला पुठ्ठा." अर्धे ताट त्यांनी तसेच ठेवले. अप्रशिक्षित जीभ नाकाच्या कुबडीवर चालते, हे यावरून सिद्ध होते.

माझ्या बाबतीत चिमटा लावल्यावर चवीत तिळमात्र फरक पडला नाही. जेवण काल लागले तसेच आज लागले. जिभेचे इतके स्वातंत्र्य मलाही अनपेक्षित होते. खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा वाढून घेतले. मीठ आणि लोणी वरून घ्यावे लागले. पण तो यजमानांचा दोष आहे. तीन-चार वर्षांपासून त्यांचा हात आखडला आहे.

९ फेब्रुवारी

शांततेच्या नियमाचा एक अनपेक्षित लाभ झाला. यजमानांना एक खोड आहे: घरातल्या प्रत्येक वासाची ते दवंडी पिटतात. "कांदा जरा जास्तच भाजला गेला, आला असेल ना वास?" "शेजारी खिडक्यांना रंग देतायत वाटतं." "दूध लागलं गं खाली." ज्या बाईच्या नाकावर एक अख्खा कारखाना चालतो तिला हे सांगायचे, म्हणजे गवयाला सूर ओळखून दाखवायचा. मी आजवर सहन केले. आता नियमाने ते बंद झाले. घरात कशी छान निःशब्दता आहे.

त्यांच्या एका सवयीविषयी मात्र मला लिहिलेच पाहिजे. त्यांच्या पन्नाशीला मी स्वतः एक अत्तर सिद्ध करून दिले होते: देवदार, संत्र्याची साल आणि किंचित मिरी. विक्रीसाठी नव्हे. माझ्या मते ती माझी सर्वोत्तम निर्मिती. अकरा वर्षे झाली, रोज सकाळी ते आरशासमोर उभे राहून त्यातले दोन थेंब मानेला लावतात. मी कामाला निघताना वाकते, वास घेते आणि म्हणते, "टिकला आहे." तीच लहानशी बाटली अजून पुरते आहे, यावरून अर्काची ताकद कळावी. एकदा मी तसे बोललेही. ते म्हणाले, "तुझ्या हातची ती. ती कसली संपतेय!"

आमच्या घरात प्रशंसा क्वचित होते. म्हणून नोंद केली.

१४ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उंदरांचा मूळ शोधनिबंध वाचत होते. यजमान गच्चीवरून धावत खाली आले, खिडक्या उघडल्या, शेगडी बंद केली. दुधाचे पातेले आतून कोळसा झाले होते.

"अगं, इथेच बसली होतीस ना?"

मी त्यांना समजावून सांगितले की तज्ज्ञाचे नाक निरुपयोगी वास आपोआप गाळून टाकते. कुत्र्यात आणि तज्ज्ञात फरक आहे तो हाच.

"चिमटा होता का नाकाला?"

"आत्ता जेवणाची वेळ आहे का?"

ते बराच वेळ पातेले घासत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "एकदा आपल्या डॉक्टरीणबाईंना नाक दाखवून घेतेस?"

"का? दुखत नाही ते."

"तेच ना," ते म्हणाले. याचा अर्थ काय, ते त्यांनाच ठाऊक.

१९ फेब्रुवारी

जो नियम घरी हितकर, तो प्रयोगशाळेत का नको? तिथली वर्षानुवर्षांची ढिलाई आज मोडून काढली.

माझ्या सहायक गंधतज्ज्ञ बाईंना सगळे लवंग म्हणतात. बारीक आणि तिखट म्हणून. कोवळी मुलगी होती तेव्हा आली, आता तिचेही केस पिकायला लागले आहेत. तिची पद्धत अशी की कागदाची पट्टी माझ्या हातात देता देता ती म्हणते, "मॅडम, लिंबू जरा पुढे येतंय का?" मी वास घेऊन म्हणते, "येतंय." तिचे नाक माझ्या नाकाबरहुकूम घडले आहे याचे मला समाधान वाटत आले. पण शास्त्राला समाधान चालत नाही. आजपासून सहाही जणांनी मुकाट्याने वास घ्यायचा, आधी लिहायचे, मग बोलायचे.

लवंगचा चेहरा उतरला. "मॅडम, बोलत बोलत केलं तर काम पटापट होतं."

"पटापट होणे हा गुण नव्हे."

"नाही, म्हणजे... तुमच्याच सोयीसाठी म्हणत होते."

"माझी कसली सोय?"

"काही नाही. खोकला आला," असे म्हणून ती खरोखरच खोकली.

२६ फेब्रुवारी

निष्कर्ष धक्कादायक आहे. आठवडाभरातल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यावर माझे मत एका बाजूला आणि उरलेल्या पाचांचे दुसऱ्या बाजूला. त्यांची मते परस्परांशी जुळतात, हे विशेष. पाच माणसे एकाच वेळी एकच चूक कशी करतात? एक तर उपाहारगृहातल्या कळकट वाफेने पाचांचीही नाके एकदमच बधिर झाली असावीत, किंवा संगनमत असावे. दोन्ही शक्यतांची चौकशी करीन.

वजने: यजमान अडुसष्टवरून पासष्टवर. मी शहाऐंशीवरून साडेसत्त्याऐंशीवर.

काटा चुकीचा आहे. फरशीला उतार असावा. चार ठिकाणी ठेवून पाहिला. आमच्या सगळ्याच घराला उतार आहे.

३ मार्च

एका मोठ्या बिस्किटवाल्यांनी ताज्या लोण्याच्या अर्काची मागणी नोंदवली आहे. आज त्याचा अंतिम नमुना होता. पाचही जणांनी लिहिले: खवट. एकाने तर "बाळाने टाकलेलं दूध" असे शब्द वापरले. ही आपल्या तज्ज्ञमंडळाची भाषा! मी लिहिले: "परिपक्व, सौम्य, गाभ्याशी गोडसर."

दुपारी लवंग माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटून घेतले.

"मॅडम, पाया पडते, सही करू नका. एकदा परत बघू. मी सांगतेय ना."

"तू सांगते आहेस म्हणून?"

"इतकी वर्षं मीच तर सांगतेय, मॅडम."

या वाक्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध मला लागला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होते. बहुधा बाजूच्या खोलीत निलगिरीचे तेल उघडले असावे. मी सही केली.

११ मार्च

पिंपे परत आली. बिस्किटवाल्यांच्या दारवानाने गाडी आतच घेतली नाही म्हणे. चालकाने तर सगळा रस्ता डोके खिडकीबाहेर काढून गाडी हाकली.

धाकट्या साहेबांनी बोलावले. कारखाना त्यांच्या वडिलांनी उभारला. यांनी तो संगणकात घातला. नाकाशी रुमाल धरून ते खिडकीपाशी उभे होते.

"मॅडम, तुम्हाला खरंच येत नाहीये?"

"काय येत नाहीये?"

"तुमच्या खुर्चीमागे पिंप उघडं आहे."

मी वळून पाहिले. होते. मी म्हणाले, "परिपक्व आहे."

साहेबांनी रुमालाची घडी बदलली. वीस तारखेला सगळ्यांच्या नाकांची परीक्षा होईल, असे त्यांनी जाहीर केले. परीक्षेत नापास होईल तो मंडळावर राहणार नाही. हा नियम माझाच. त्यातून मुख्य तज्ज्ञाला वगळणारे कलमही माझेच. माप मोजायचे नसते, मापाने मोजायचे असते, या तत्त्वावर ते आधारले होते. ते त्यांनी खोडून टाकले आहे.

"वजनाचा काटासुद्धा अधूनमधून तपासून घ्यावा लागतो, मॅडम."

काट्यांविषयी त्यांच्याइतकाच अविश्वास मलाही अलीकडे वाटू लागला आहे, पण ते सांगण्याची ती जागा नव्हती. थोडक्यात, माझे पद पणाला लागले आहे. चिंता नाही. नाक माझ्याबरोबर आहे.

१५ मार्च

नणंदबाई न सांगता जेवायला आल्या. दोघांच्या नाकांना चिमटे पाहून त्या हसत सुटल्या, इतक्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मी प्रयोगाची भूमिका मांडली. त्यांनी माझे ताट पाहिले.

"वहिनी, चहात साखर किती?"

"चार चमचे."

"पूर्वी एक घ्यायचीस."

"पूर्वी साखर गोड होती."

त्यांचे हसू मावळले. "तू उंदरांचं अर्धंच वाचलंस गं. एक तर उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्यांचं नाक काढलं की त्यांचं शरीर चरबी जाळायला लागलं, खरंय. माणसाचं तसंच होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. नाक गेलेली माणसं मी दवाखान्यात बघते ना. काहींची जेवणावरची वासनाच उडते, या आपल्या दादासारखी. आणि काही हरवलेली चव शोधत बसतात. अजून मीठ, अजून लोणी, अजून साखर. वजन वाढतं. आणि जाड माणसांत नाक जरा मंदच असतं असंही पुष्कळदा दिसलंय. आधी काय बिघडलं, नाक की वजन, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चाललीत."

"वन्सं, व्याख्यान उत्तम झाले. पण माझे नाक गेलेले नाही."

नणंदबाईंनी भावाकडे पाहिले. भावाने मटारांकडे पाहिले.

"दादा, तू हिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचे होते?" मी विचारले.

"मटार गार होतायत," यजमान म्हणाले.

बहीणभावांमध्ये काहीतरी घरगुती शिजते आहे. परीक्षा होईपर्यंत मी त्यात नाक खुपसणार नाही.

२० मार्च

परीक्षा झाली. बारा बाटल्या, बारा कोरे कागद आणि माझ्याच नियमाची शांतता. आज पहिल्यांदा मी टेबलाच्या परीक्षार्थींच्या बाजूला बसले. तिथल्या खुर्च्या फार अरुंद आहेत. हे आजवर कोणी माझ्या कानावर का घातले नाही?

सातवी बाटली मला विशेष भावली. तिच्याविषयी लिहिले: "प्रारंभी ओलसर हिरवेपणा, मग पांढऱ्या फुलांची लाजरी चाहूल, अखेरीस दगडासारखी गार, दीर्घ शांतता." इतके नेमके वर्णन त्या टेबलावर आजवर लिहिले गेले नसेल. शेजारी पाहिले, तर लवंगने एकच शब्द लिहून लेखणी खाली ठेवली होती. बिचारीचा शब्दसंग्रह तोकडा.

शिवाय तिला सर्दी झाली असावी. नववी बाटली माझ्या हातात आली तेव्हा स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती एवढी खोकली की पर्यवेक्षकांनी तिला पाणी दिले.

२१ मार्च

सातव्या बाटलीत पाणी होते.

पाण्याच्या बाटलीची युक्ती माझी आहे. नियमावलीतले शब्दही माझे: "एक नमुना निव्वळ पाण्याचा असावा, म्हणजे ज्याची कल्पना नाकापेक्षा वेगाने धावते असा माणूस ओळखू येतो." या वाक्याच्या आधारे मी तीन जणांना घरी पाठवले होते.

बारांपैकी माझे एकच उत्तर बरोबर आले. नवव्या बाटलीचे. त्यात लवंगेचा अर्क होता.

धाकटे साहेब फार हळू आवाजात बोलले. ते ओरडले असते तर मी त्यांना क्षमा केली असती. "सध्या सुट्टी घ्या. सहा महिन्यांनी परत परीक्षा द्या. नियमात आहे ना ते." नियमात ते नव्हते. दुसऱ्या संधीचे कलम ढिलाईला वाव देते म्हणून मीच काढून टाकले होते. त्यांनी ते परत घातले आहे, आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक आहे.

२२ मार्च

दिवसभर घरातल्या प्रत्येक वस्तूचा वास घेतला. साबण, कांदा, बुटांचे पॉलिश, रॉकेल, यजमानांची उशी.

नोंद करण्याजोगे काही नाही.

२५ मार्च

आज यजमानांना विचारले, "तुम्हाला केव्हापासून माहीत होते?"

ते बटाटे सोलत होते. "तुला तो ताप आला होता बघ, त्यानंतर. चार वर्षं झाली असतील. मी पाव पार जाळला होता, आणि तू म्हणालीस, वा, आज किती खरपूस झालाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की. रोज बोलत होतो. कांदा भाजला, दूध लागलं, शेजारी रंग देतायत. तूच बंद केलंस."

मी म्हणाले, "तो पाव नव्हता. टोस्ट होता."

"बरं, टोस्ट," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा बटाटा घेतला.

नणंदबाईंच्या ओळखीच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासले. आतला रस्ता मोकळा आहे, पण वाटाड्या झोपला आहे, असे काहीसे ते म्हणाले. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास, एकेक करून, पूर्ण लक्ष देऊन घ्यायचे. वजन उतरवायचे ते साखरेसाठी. त्याने नाकालाही कदाचित थोडी मदत होईल, कदाचित होणारही नाही.

"हमी?" मी विचारले.

"हमी नाही."

"हमी नसलेल्या उपचाराला उपचार म्हणत नाहीत. सवय म्हणतात."

नणंदबाई मागून म्हणाल्या, "मग सवय लाव, वहिनी."

चिमटे कपड्यांच्या दोरीवर लावले. मोज्यांना उत्तम बसतात.

६ एप्रिल

चहात एकच चमचा साखर. म्हणजे रंगीत गरम पाणी. लोणी बंद. रोज तासभर चालते. ज्याला चव नाही ते दुसऱ्यांदा वाढून घेण्यात अर्थ नाही, हे उशिरा लक्षात आले; वाढून घेण्याचे कारण चव होती, असेही आता खात्रीने म्हणवत नाही.

लवंग येऊन गेली. मला वाटले होते, ती जिना चढणार नाही. तिने चार बाटल्या आणल्या होत्या: लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी. प्रत्येकीवर चिठ्ठी होती, पण चिठ्ठ्या तिने मागच्या बाजूला चिकटवल्या होत्या.

पहिली बाटली माझ्यापुढे धरून ती सवयीने म्हणाली, "मॅडम, हे..."

"सांगू नकोस."

"बरं."

मी वास घेतला. पुन्हा घेतला. बाटली खाली ठेवली.

"सांग," मी म्हणाले.

"लिंबू, मॅडम. जरा पुढे येतंय."

"येत नाहीये," मी म्हणाले. तिच्याशी वासाबद्दल इतके खरे मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

३० मे

एक्क्याऐंशी किलो. फरशीचा उतार नाहीसा झालेला दिसतो.

बाटल्या मुक्या आहेत. सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्यासमोर बसते. यजमान म्हणतात, "तुझी संध्या चाललीय तोवर भाजी टाकतो." त्यांना आता सगळे वास मोठ्याने सांगण्याची परवानगी आहे. काल ते भरात येऊन सांगत सुटले: ओला टॉवेल, नवे पुस्तक, जिन्यात कुणाची तरी सिगारेट. या घरात इतकी वर्दळ असते हे मला माहीत नव्हते.

१७ जुलै

आज लिंबू आले.

आले म्हणजे, वास नव्हे, वासाची पाठ. कोणीतरी खोलीतून नुकतेच बाहेर जावे आणि दार हलत राहावे, तसे. मी बाटली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा तेच. लिहिण्यासाठी तीन सुंदर वाक्ये मनात तयार झाली. एकही लिहीत नाही.

२१ सप्टेंबर

दुसरी परीक्षा झाली. वजन अठ्ठ्याहत्तर. साखर उंबरठ्यावरून एक पायरी खाली उतरली आहे; नणंदबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी फाडली आणि वर "लोणी आवरलंस ना!" असे ऐकवले.

बारांपैकी सहा बरोबर. लिंबू, निलगिरी, लवंग, संत्र्याची साल, पुदिना. आणि चौथ्या बाटलीपुढे मी एकच शब्द लिहिला: पाणी. शब्दसंग्रह तोकडा असण्याचेही काही फायदे आहेत.

उत्तीर्ण व्हायला नऊ लागतात. नऊ हा आकडा मीच ठरवला होता. आता बदला म्हणणे शोभणार नाही. मुख्य गंधतज्ज्ञ म्हणून आजपासून लवंगची नेमणूक झाली. माझ्या खोलीच्या दाराशी ती अवघडून उभी होती.

"मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा ना. मी बाहेर बसते."

"खुर्ची तुझी आहे. मागे उघडे पिंप नाही ना, तेवढे बघून बस."

ती आधी हसली, मग रडली. "सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे, मॅडम. तुम्ही येणार ना?"

मी म्हणाले, त्या कलमातले शुद्धलेखन आधी सुधारा, मग येईन.

२२ सप्टेंबर

ही नोंद सविस्तर करणे भाग आहे.

काल परीक्षेत संत्र्याची साल ओळखता आली. तेव्हा आज सकाळी प्रथमच मोठ्या आशेने मी यजमानांच्या मानेजवळ वाकले. ते नुकतेच आरशासमोर दोन थेंब लावून उभे होते. त्या अत्तरात संत्रे आहे. ते मला आलेच पाहिजे.

आले नाही.

त्यांच्या हातातली बाटली घेतली. काही नाही. नाक पुन्हा गेले असे वाटले. मी घाईघाईने आतून लिंबाची बाटली आणली. लिंबू होते: अंधूक, पण जागेवर. पुन्हा अत्तर. काही नाही. लिंबू. अत्तर. लिंबू. शेजारी लिंबू बोलत असल्यामुळे पलीकडची शांतता ही माझ्या नाकाची नसून बाटलीचीच आहे, हे स्पष्ट झाले.

मी रीतसर कागद घेतला आणि लिहिले: "नमुना स्वच्छ, रंगहीन. वास नाही. पाणी." आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून वाचला. "बरोबर," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"खरं सांगू? रागावशील."

"ते मी ठरवीन."

"पहिल्याच वर्षी. त्या मिरीने मला शिंका यायच्या गं. इतक्या, की कचेरीत लोक उठून जायचे. शेवटी बेसिनमध्ये ओतलं आणि बाटलीत पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी तुला सांगणारच होतो. पण तू वाकलीस, वास घेतलास आणि म्हणालीस, टिकला आहे. इतकी खूश दिसत होतीस की..."

मी हिशोब केला. बाटलीत पाणी येऊन दहा वर्षांवर झाली. ताप चार वर्षांपूर्वीचा. मधली सहा वर्षे माझे नाक ठणठणीत होते. अख्खा कारखाना त्याच्यावर चालत होता. आणि तेच नाक रोज सकाळी पाण्याला उत्तीर्ण करीत होते.

या सहा वर्षांचा उंदरांशी, लोण्याशी किंवा तापाशी काहीही संबंध जोडता येत नाही. मी बराच वेळ प्रयत्न केला. ती प्रस्तुत प्रयोगाच्या कक्षेबाहेरची समजावीत.

"उद्यापासून लावू नका," मी म्हणाले.

"लावतो की. सवय झालीय." त्यांनी बाटली परत घेतली, दोन थेंब बोटावर घेतले, मानेला लावले आणि मान जराशी माझ्याकडे कलती केली.

मी वाकले. पाण्याचा वास घेतला.

"टिकला आहे," मी म्हणाले.